झोप कमी का पडते ते आधी ओळखा: हृदयासाठी झोप मोजण्याची आणि सावरण्याची पद्धत

बीपीची गोळी वेळेवर, जेवणात मीठ बेताचं, रोज पाऊण तास चालणं. एवढं सगळं सांभाळूनही सकाळचं बीपी १५०च्या खाली येत नाही, असे रुग्ण कुठल्याही दवाखान्यात भेटतात. त्यांच्या फायलीत साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी सगळं असतं. रात्री किती वाजता डोळा लागतो आणि किती वेळा झोपमोड होते, हे मात्र कुणी लिहिलेलं नसतं.

२०२२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयाच्या आरोग्याच्या यादीत आहार, व्यायाम, तंबाखू, वजन, कोलेस्टेरॉल, रक्तातली साखर आणि रक्तदाब या सातांच्या जोडीला झोप हा आठवा निकष घेतला. प्रौढांसाठी रोज ७ ते ९ तास, असं त्यांचं माप आहे. पण ‘सात तास झोपा’ एवढ्या सल्ल्याने फारसं काही हलत नाही, कारण कमी झोपणारी माणसं तीन वेगवेगळ्या प्रकारची असतात. काहींना झोपायला वेळच मिळत नाही. काही जण वेळेवर आडवे होतात, पण झोप येत नाही. आणि काहींना झोप लागते, पण श्वास अडकून ती रात्रभर तुटत राहते. यातल्या एकाचा उपाय दुसऱ्याला चक्क बाधतो. म्हणून आधी आपण कोणत्या गटात आहोत ते शोधायचं, उपाय नंतर.

रात्री हृदयात काय घडतं

गाढ झोपेत नाडी मंदावते आणि रक्तदाब दिवसाच्या सरासरीपेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. दिवसा वरचा आकडा १३० असेल, तर झोपेत तो १०४ ते ११७च्या घरात यायला हवा. रक्तवाहिन्यांना चोवीस तासांत मिळणारी खरी उसंत ती हीच. झोप उशिरा सुरू झाली, लवकर संपली किंवा मध्ये मध्ये मोडली, की या उतरणीचे तास कमी होतात. ज्यांचा दाब रात्री उतरतच नाही, त्यांच्यात पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे त्रास जास्त आढळतात. दवाखान्यात दिवसा बीपी मोजून हे कळत नाही. त्यासाठी दंडाला २४ तास बांधून ठेवायचं यंत्र मिळतं. त्यात झोपेतली सरासरी १२०/७० किंवा त्याहून जास्त आली, तर तो रात्रीचा उच्च रक्तदाब समजतात.

साखरेचंही तसंच. १९९९ साली शिकागोत ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त ४ तास झोपू दिलं, तर तेवढ्यात त्यांच्या शरीराची ग्लुकोज हाताळण्याची ताकद घटली. २०२२ साली मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १२ जणांना दोन आठवडे रात्री ४ तासच झोपायला दिले. ही मंडळी रोज सुमारे ३०० कॅलरी जास्त खाऊ लागली आणि पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी ११ टक्क्यांनी वाढली. वजन मात्र फारसं वाढलं नव्हतं. म्हणजे नुसत्या वजनकाट्याला हे दिसलंच नसतं.

मोठ्या लोकसंख्येचे आकडे याच दिशेने जातात. २०११ साली १५ अभ्यासांतल्या पावणेपाच लाख लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा कमी झोपणाऱ्यांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका ४८ टक्के आणि पक्षाघाताचा १५ टक्के जास्त दिसला. जास्त झोपणाऱ्यांमध्येही धोका वाढलेला होता, अनुक्रमे ३८ आणि ६५ टक्के. हे वाचून नऊ तास झोपणाऱ्याने घाबरून गजर लावायची गरज नाही. लांबलेली झोप बहुधा दुसऱ्या कशाची तरी खूण असते: नैराश्य, थायरॉइड, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा आजार), न सापडलेला एखादा आजार. तिथे तास कमी करायचे नसतात, कारण शोधायचं असतं. कमी झोपेचं तसं नाही. ब्रिटनमधल्या साडेचार लाखांहून जास्त लोकांच्या २०१९च्या अभ्यासात सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका २० टक्के जास्त होता. त्याच अभ्यासातल्या जनुकीय विश्लेषणाचा कौलही कमी झोप हे कारणच असावं, या बाजूने पडला.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं: नियमितपणा. अमेरिकेतल्या ४५ ते ८४ वयाच्या सुमारे दोन हजार लोकांच्या अभ्यासात ज्यांची झोप रोज दोन तासांहून जास्त वर-खाली होत होती, त्यांना पुढच्या काही वर्षांत हृदयरोग होण्याचा धोका नियमित झोपणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. सोमवार ते शुक्रवार पाच तास आणि रविवारी दहा, अशी सरासरी काढून समाधान मानू नये ते यासाठी.

पहिली पायरी: चौदा दिवसांची वही

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात हे मावत नाही, वही घ्या. रोज सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात सात गोष्टी लिहा: अंथरुणावर कधी पडलात, डोळा लागायला अंदाजे किती मिनिटं लागली, रात्री जाग किती वेळा आली, त्या जागरणांचा एकूण वेळ किती, शेवटची जाग कधी, अंथरूण कधी सोडलं, आणि लघवीला किती वेळा उठलात. संध्याकाळी तीन गोष्टींची भर घाला: दिवसाची डुलकी किती वेळ आणि कधी, शेवटचा चहा-कॉफी किती वाजता, मद्य घेतलं का.

रात्री घड्याळ बघून अचूक आकडे मिळवण्याच्या फंदात पडू नका. घड्याळ बघितलं की ‘आता चारच तास उरले’ हा हिशेब डोक्यात सुरू होतो आणि उरलीसुरली झोपही उडते. सकाळचा अंदाज पुरेसा आहे. आठवड्याची वही रविवारी एकदम भरून काढणं मात्र निरुपयोगी, कारण आठवतात त्या फक्त वाईट रात्री.

आता हिशेब. समजा अंथरुणावर ११ वाजता पडलात, ११:४०ला डोळा लागला, मध्ये एकूण ३० मिनिटं जागे होतात, ५:४५ला शेवटची जाग आणि ६ला उठलात. अंथरुणावरचा वेळ ७ तास, म्हणजे ४२० मिनिटं. प्रत्यक्ष झोप ११:४० ते ५:४५ ही ३६५ मिनिटं, वजा ३०, म्हणजे ३३५. भागाकार केला की ८० टक्के येतात. हे झोपेचं कार्यक्षमतेचं प्रमाण. ८५च्या वर असेल तर ठीक. मनगटावरच्या घड्याळाचा एकूण झोपेचा आकडा ढोबळ कल पाहायला चालतो. गाढ झोप इतकी, स्वप्नांची झोप तितकी, ही त्याची फोड मात्र मनावर घेऊ नका. आकडा खराब आला म्हणून दिवसभर थकवा वाटणारे लोकही आता दवाखान्यात येऊ लागले आहेत.

चौदा दिवसांनंतर वही अशी वाचा. अंथरुणावरचा वेळच साडेसहा तासांच्या आत आहे, पडल्या पडल्या झोप लागते आणि प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे, तर तुमची अडचण वेळेची. वेळ सात-आठ तासांचा देता पण प्रमाण ८५च्या खाली आहे, तर अडचण झोप लागण्याची किंवा टिकण्याची. तास सात, प्रमाण उत्तम, आणि तरीही दुपारी मीटिंगमध्ये, बसमध्ये, वर्तमानपत्र वाचताना पेंग येते, तर संशय श्वासावर घ्या. दोन गटांत एकाच वेळी बसणारेही बरेच निघतात. तेव्हा श्वासाचा निकाल आधी लावायचा.

वेळच कमी असेल तर

इथे सगळे एकच चूक करतात. पावणेबाराला झोपणारा माणूस ठरवतो की आजपासून पावणेदहाला पाठ टेकायची. पडतो, आणि पावणेबारापर्यंत छताकडे बघतो. त्यात नवल नाही: नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास हे शरीराच्या घड्याळानुसार सर्वांत टक्क जागे राहण्याचे असतात. चार दिवस असं तळमळलं, की अंथरूण म्हणजे तळमळ असं समीकरण मेंदूत बसतं आणि वेळेची अडचण असलेला माणूस निद्रानाशाच्या गटात जाऊन पोचतो.

म्हणून आधी उठण्याची वेळ पक्की करा. ती बहुधा तुमच्या हातात नसतेच, लोकल, शाळेची बस किंवा नळाचं पाणी ती ठरवतं. समजा ५:३०. तिथून साडेसात तास मागे मोजले की रात्रीचे १० होतात. डोळा लागायची पंधरा मिनिटं धरली की पावणेदहाला अंथरुणावर. आज तुम्ही पावणेबाराला झोपता, म्हणजे दोन तासांचं अंतर तोडायचं आहे. ते पंधरा-पंधरा मिनिटांनी तोडा. दर तीन-चार दिवसांनी एक टप्पा, असे आठ टप्पे, म्हणजे साधारण महिना लागेल. सकाळी उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटं उघड्यावर उजेडात काढा. गच्ची, अंगण, स्टेशनपर्यंतची पायपीट, काहीही चालेल. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ पुढे सरकतं आणि रात्री झोप आधी येऊ लागते. हा टप्पा गाळला तर बाकीची कसरत निम्मी वाया जाते.

मिनिटं कुठून काढायची? मोबाइल हे सोपं उत्तर आहे आणि बऱ्याच अंशी खरंही. पण मराठी घरात दोन मोठी गळती आणखी आहेत. पहिली उशिराचं जेवण. बदलापूर किंवा विरारला नऊ वाजता पोचणारा माणूस दहाला भरपेट जेवतो आणि लगेच आडवा होतो, मग छातीत जळजळ आणि चाळवलेली झोप. त्याने जेवण फोडावं. पोळी-भाजी किंवा थालीपीठ असं पोटभरीचं काहीतरी साडेसहाच्या सुमारास कामावरून निघतानाच खावं, घरी आल्यावर वाटीभर वरण-भात किंवा मुगाची खिचडी. भरपेट जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास राहावेत, एवढंच साधायचं आहे.

दुसरी गळती स्वयंपाकघरात. घरात सर्वांत उशिरा झोपणारी आणि सर्वांत आधी उठणारी व्यक्ती कोण, हे वेगळं सांगायला नको. ओटा आवरणं, भांडी, विरजण लावणं, सकाळच्या डब्याची भाजी निवडणं यात सहज चाळीस मिनिटं जातात. ही कामं घरातल्या दुसऱ्या कुणी उचलली तर तिची झोप तेवढी वाढते. हा वैद्यकीय सल्ला आहे, घरगुती राजकारण नव्हे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमधला हृदयरोगाचा धोका वाढत जातो आणि घाम, उष्णतेच्या लाटा यांनी झोप आधीच मोडकी झालेली असते. तिथे वेळेची कमतरता परवडत नाही.

आता वामकुक्षी. वीस ते तीस मिनिटं, दुपारी तीनच्या आत, गजर लावून. एवढी डुलकी चांगलीच. तास-दीड तास लांबली की उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीच्या झोपेची भूक मरते. पुण्याची एक ते चार ही वेळ विनोदाला बरी, झोपेला जास्त आहे. लोकलमधल्या डुलकीलाही हाच नियम: सकाळच्या गाडीतली चालते, संध्याकाळी साडेसातच्या गाडीतली रात्रीच्या खात्यातून वजा होते. रविवारी नेहमीपेक्षा फार तर एक तास उशिरा उठा. झोपेची थकबाकी असेल तर शनिवारी रात्री लवकर झोपून फेडा.

याचा फायदा मोजता येतो का? २०२२ साली शिकागोतच जास्त वजनाच्या ८० जणांवर प्रयोग झाला. हे सगळे रात्री साडेसहा तासांहून कमी झोपणारे. त्यांतल्या निम्म्यांना झोप कशी वाढवायची एवढंच समजावलं, आहाराबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांची झोप रोज सुमारे १.२ तासांनी वाढली आणि खाणं दिवसाला सरासरी २७० कॅलरींनी आपोआप घटलं.

वेळ आहे, पण झोप येत नसेल तर

या गटाला ‘लवकर झोपा’ हा सल्ला घातक. रात्री झोप झाली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी नऊलाच आडवं व्हायचं, सकाळी लोळत पडायचं, दुपारी तास काढायचा, यानेच निद्रानाश मुरतो. आठवड्यात किमान तीन रात्री, तीन महिने असं चालू असेल, तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर पहिला उपाय गोळी नाही, वर्तनोपचार आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली तसं स्पष्टच सांगितलं. त्यातले दोन भाग घरी सुरू करता येतात.

पहिला भाग अंथरुणाशी असलेलं नातं दुरुस्त करण्याचा. पेंग आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठायचं, मंद दिव्यात कंटाळवाणं काहीतरी करायचं, डोळे जड झाले की परत यायचं. लागेल तितक्या वेळा. अंथरुणावर मोबाइल, टीव्ही, हिशेब, भांडण काहीही नको. वन-रूम-किचनमध्ये किंवा चाळीतल्या खोलीत बैठक आणि झोप एकाच जागी असते, तेव्हा हे कसं जमवायचं? गादी झोपायच्या वेळीच अंथरायची आणि उठल्या उठल्या गुंडाळायची. दिवसभर पलंगावर बसावंच लागत असेल तर पायथ्याकडे तोंड करून बसा आणि उशी-पांघरूण उचलून ठेवा. रात्री उठून बसायला खुर्ची नाहीतर दुसरा कोपरा आधीच ठरवून ठेवा. नाहीतर रात्री दोनला तो शोधत घर जागं होतं.

दुसरा भाग कडू आहे, पण सर्वांत गुणकारी. वहीतली प्रत्यक्ष झोपेची सरासरी काढा. वरच्या उदाहरणात ती साडेपाच तासांच्या थोडी वर आहे. त्यात अर्धा तास मिळवा आणि फक्त तेवढाच वेळ अंथरुणावर घालवा: सहा तास, १२ ते ६. त्याआधी पडायचं नाही, नंतर लोळायचं नाही, दुपारची डुलकी बंद. आठवडाभराचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर गेलं की झोपायची वेळ १५ मिनिटांनी अलीकडे आणा. ८०च्या खाली राहिलं तर १५ मिनिटं कमी करा, पण साडेपाच तासांच्या खाली जाऊ नका. पहिले आठ-दहा दिवस वाईट जातात, दिवसा पेंग येते, चिडचिड होते. बहुतेक लोक नेमके याच टप्प्यावर सोडून देतात. तग धरला तर सहसा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून झोप सलग होते आणि मग तास वाढवता येतात.

हा दुसरा भाग सर्वांसाठी नाही. फिट्स येणारे, बायपोलर आजार असलेले, ट्रक-बस किंवा अवजड यंत्र चालवणारे आणि उपचार न झालेला स्लीप ॲप्निया असलेले यांनी तो स्वतःहून करू नये. पायांत वळवळ, ओढ, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, ही तक्रार असेल तर आधी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असतानाही फेरिटिन ७५च्या खाली असेल तर लोहाने हा त्रास बऱ्याचदा हटतो. आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये हे वारंवार निसटतं.

श्वास अडकत असेल तर

हृदयाच्या दृष्टीने या गटाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, घोरणं पुन्हा सुरू. तासात असं वीस-तीस वेळा होतं आणि प्रत्येक वेळी नाडी व रक्तदाब उसळी घेतात. झोपणाऱ्याला यातलं काही आठवत नाही. तीन औषधांनीही आटोक्यात न येणारा रक्तदाब आणि हृदयाची अनियमित लय, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, असणाऱ्यांमध्ये हा त्रास मोठ्या प्रमाणात सापडतो.

घरच्या घरी चाळणी लावायला स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी जगभर वापरतात. बंद दारातून ऐकू येईल असं घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलेला असणं, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३५च्या वर, वय ५०च्या वर, मानेचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर, पुरुष असणं. प्रत्येक ‘हो’ला एक गुण. दोनपर्यंत धोका कमी, तीन-चार मध्यम, पाच किंवा जास्त म्हणजे दाट शक्यता. यातलं बीएमआयचं माप आपल्यासाठी फार सैल आहे. भारतीयांमध्ये लठ्ठपणा २५पासूनच धरतात, आणि जबडा लहान असेल तर सडपातळ माणसालाही ॲप्निया होतो. त्यामुळे गुण कमी आले म्हणून निर्धास्त राहू नका. स्त्रियांमध्ये घोरणं कमी आणि सकाळची डोकेदुखी, दिवसभराचा शिणवटा, मोडकी झोप याच तक्रारी जास्त असतात. आणखी एक खूण: रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागणं. पुरुष ते प्रोस्टेटवर ढकलतात. पण बंद श्वासमार्गाशी झगडताना छातीतला दाब बदलतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतात.

शेजारी झोपणाऱ्याला पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान मोबाइलवर दहा मिनिटं आवाज टिपून ठेवायला सांगा. तो डॉक्टरांना ऐकवला की पुढचं काम सोपं होतं. तपासणी म्हणजे स्लीप स्टडी, घरी नेण्याच्या लहान यंत्रावर किंवा रुग्णालयात रात्रभर राहून. हृदय निकामी होण्याचा त्रास, पक्षाघात किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल तर रुग्णालयातलीच करावी. अहवालात श्वास अडकण्याची तासाची संख्या बघा: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या वर तीव्र. किमान प्राणवायू किती खाली गेला, तेही बघा.

मध्यम आणि तीव्र प्रकाराला सीपॅप हा मुख्य उपाय. नाकावरच्या मास्कमधून दाबाखालची हवा देऊन हे यंत्र श्वासमार्ग उघडा ठेवतं. त्याचा वापर बंद पडण्याची कारणं ठरलेली आहेत. मास्क मोठा किंवा पट्टे जास्त आवळलेले, त्यामुळे नाकाच्या दांड्यावर वळ उठतात. दाट मिशीतून हवा गळते. तोंडाने श्वास घेतल्याने घसा कोरडा पडतो. नाक चोंदलेलं असतं आणि त्यावर आधी उपचार झालेला नसतो. यंत्र आणलं की पहिला आठवडा दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसा, मग रात्री वापरा. मास्कची गादी रोज साबणाच्या पाण्याने धुवा, हवा ओली करणाऱ्या डब्यात डिस्टिल्ड पाणी घाला, धुळीच्या भागात फिल्टर लवकर बदला, आणि वीज जाणाऱ्या गावात यंत्र इन्व्हर्टरवर घ्या. रात्री किमान चार तास वापर ही किमान अट समजतात. पूर्ण झोपभर वापर हे उद्दिष्ट असावं.

एक गोष्ट विक्रेते सांगणार नाहीत. आधीच हृदयरोग किंवा पक्षाघात झालेल्या २,७०० रुग्णांवरच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सीपॅपने पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. पेंग, घोरणं आणि मनःस्थिती मात्र सुधारली. त्या रुग्णांचा सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता, हेही खरं. म्हणून यंत्र आणलं म्हणून बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. सौम्य प्रकारात कुशीवर झोपल्याने बराच फरक पडतो. बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला की उताणं होता येत नाही. वजन १० टक्क्यांनी उतरलं की श्वास अडकण्याची संख्या साधारण २६ टक्क्यांनी उतरते. आणि या गटाने झोपेची गोळी किंवा रात्रीचं मद्य घेणं म्हणजे आधीच सैल पडणारे स्नायू आणखी सैल करणं.

तिन्ही गटांना लागू

चहा-कॉफी: शरीरातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात. झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही एक तासाहून जास्त झोप गेल्याचं प्रयोगात दिसलं. चहात कॅफीन यापेक्षा बरंच कमी असतं, तरी दहाला झोपणाऱ्याने चारचा चहा शेवटचा मानावा.

उकाडा: झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं. झोपेच्या तास-दोन तास आधी दहा मिनिटं कोमट-गरम पाण्याने अंघोळ केली की त्वचेतून उष्णता बाहेर पडते आणि डोळा लवकर लागतो. विदर्भातल्या मे महिन्यात कूलर लावाल तर एक खिडकी किंचित उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा साचते आणि घाम सुकत नाही.

औषधं: लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली जात असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. बीपीची गोळी रात्रीच घ्यावी असा एक समज आहे. ब्रिटनमधल्या २१ हजारांहून जास्त रुग्णांच्या २०२२च्या चाचणीत सकाळ आणि रात्र यांत झटक्यांच्या बाबतीत फरक निघाला नाही. तेव्हा जी वेळ चुकत नाही आणि झोप मोडत नाही, ती घ्यावी. मेटोप्रोलॉलसारख्या बीपीच्या गोळ्यांनी काहींना भयानक स्वप्नं पडतात. तसं असेल तर सांगा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवल्यास छातीत दुखणं उसळू शकतं.

रात्रपाळी

हिंजवडी किंवा ऐरोलीत रात्रभर काम करून सकाळी घरी परतणाऱ्याला वरचे तास तसेच लागू होत नाहीत. त्याने परतताना गडद चष्मा लावावा, दुचाकीवर असेल तर दिसण्याला बाध येणार नाही असाच. हलका नाश्ता करून लगेच झोपावं, खिडकीला जाड काळा पडदा, दाराची बेल बंद. एका दमात सात तास मिळत नसतील तर सकाळी पाच तास आणि पाळीआधी दीड तास असे दोन तुकडे चालतील. सुट्टीच्या दिवशी वेळापत्रक पूर्ण उलटं करून रात्री दहाला झोपण्याऐवजी, पाळीच्या आणि सुट्टीच्या झोपेतले तीन-चार तास सामाईक राहतील असं बघावं. पाळीतली कॉफी पहिल्या अर्ध्या भागातच. पाळ्या फिरत्या असतील तर सकाळ, दुपार, रात्र हा क्रम मागून घ्या. उलट्या क्रमाशी जुळवून घेणं शरीराला अवघड जातं.

कधी थांबायचं नाही

झोपेतून दम कोंडून जाग येणं, सपाट झोपता न येणं, दोन-तीन उशा लागणं आणि पावलांवर सूज: ही हृदय निकामी होत असल्याची लक्षणं असू शकतात. वही भरत बसू नका, त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञ गाठा. गाडी चालवताना एकदा जरी डोळा लागला असेल तर तपासणी होईपर्यंत चालवणं बंद. पहाटे छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर ‘ॲसिडिटी असेल, उजाडू दे’ म्हणत वाट बघायची नाही, १०८ला फोन करायचा आणि स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जायचं नाही.